कल्चरचा रिपोर्ट एवढा उशिरा का येतो?

प्रश्न: वडिलांना थंडी वाजून ताप येत होता म्हणून ॲडमिट केलं. ब्लड कल्चरसाठी दोन्ही हातांतून मिळून चार बाटल्या रक्त घेतलं, फायनल रिपोर्ट पाच दिवसांनी म्हणाले आणि अँटीबायोटिक मात्र तासाभरात चालू. कोविडची टेस्ट तर एका दिवसात यायची, मग याला एवढा वेळ का? आणि शेवटी रिपोर्ट 'नो ग्रोथ' आला, म्हणजे इन्फेक्शन नव्हतंच का?

उत्तर: चार बाटल्यांवरून बरेच जण कुरकुर करतात, पण ते रक्त वाया जात नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात इन्फेक्शन पसरलेलं असलं तरी एका मिलीलीटरमागे बऱ्याचदा एक जंतूसुद्धा नसतो, मग दोन मिलीमध्ये काय सापडणार? म्हणून एका बाटलीत ८ ते १० मिली घालतात.

मग ती बाटली मशीनमध्ये जाते आणि तिथे उबेत जंतू वाढेपर्यंत थांबायचं, दुसरं काही नाही. ते वाढले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, बाटलीच्या बुडाला एक चकती असते तिचा रंग बदलतो आणि मशीन ओरडतं. पॉझिटिव्ह यायची असेल तर बहुतेकदा एक-दोन दिवसांतच येते, पाच दिवस ही शेवटची मुदत. त्यातला थेंब मायक्रोस्कोपखाली बघून लॅबवाले लगेच वॉर्डला फोन करतात, पण जंतूचं नाव कळायला तो प्लेटवर रात्रभर वाढवावा लागतो. आता मॅल्डी-टॉफ नावाचं मशीन आलंय, ते जंतूच्या प्रोटीन्सचा नमुना जुळवून काही मिनिटांत नाव सांगतं. खरा वेळ जातो तो पुढे, सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे त्या जंतूवर कोणतं औषध चालतं ते बघण्यात. प्लेटवर जंतू पसरून औषधाच्या छोट्या चकत्या ठेवतात, दुसऱ्या दिवशी जिथे औषध चाललं तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल पडलेला दिसतो आणि तो चक्क मिलीमीटरमध्ये मोजतात. मला तर अजूनही ती प्लेट बघायला मजा येते.

कोविडचं म्हणाल तर तिथे कोण शोधायचंय ते आधीच माहीत होतं, पीसीआरने त्याच्या जीनच्या कॉप्या काढल्या की झालं. टीबीतही तसंच जमलंय. टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायला जवळपास एक दिवस लागतो (ई. कोलायला वीस मिनिटं पुरतात) म्हणून कल्चरला आठवडेच्या आठवडे जायचे, पण जीनएक्सपर्ट ही पीसीआरसारखीच टेस्ट, जिला डब्ल्यूएचओने २०१० मध्ये मान्यता दिली, दोन तासांच्या आत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का हे दोन्ही सांगते. हे जमतं कारण रिफॅम्पिसिनचा रेझिस्टन्स (जंतूने औषधाला दाद न देणं) जवळजवळ नेहमी आरपीओबी या जीनच्या एका लहानशा तुकड्यातल्या बदलामुळेच असतो. बाकीचे जंतू एवढे सरळ नाहीत हो, कुणी औषध तोडतो, कुणी बाहेर फेकतो, कुणी औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलतो, त्यामुळे एखादा जीन सापडला तर औषध चालणार नाही असं म्हणता येतं पण नाही सापडला म्हणून चालेलच असं नाही. तेव्हा औषधासमोर जंतू वाढवून बघणं काही सुटलेलं नाही, संशोधनाचा जोर ते लवकर बघण्यावर आहे. युरोपातल्या युकास्ट या कमिटीने २०१८ मध्ये पॉझिटिव्ह बाटलीतलं रक्त थेट प्लेटवर घालून ४, ६ किंवा ८ तासांतच गोल मोजायची पद्धत आणली. मशीन नवीन नाही, चकत्या त्याच! मला हे फार आवडलं.

तोपर्यंत डॉक्टर काही हातावर हात ठेवून बसू शकत नाहीत, म्हणून इन्फेक्शन कुठून आलं असेल त्यावरून औषध निवडतात आणि रिपोर्ट आला की बदलतात. अंदाजच तो, पण अगदीच अंदाजपंचे नाही.

आणि 'नो ग्रोथ' म्हणजे इन्फेक्शन नव्हतं असं नाही. व्हायरस आणि मलेरिया या बाटलीत वाढतच नाहीत, लेप्टोचे आणि स्क्रब टायफसचे जंतूही नाहीत, त्यांच्या टेस्ट वेगळ्या. दुसरं म्हणजे, ॲडमिट व्हायच्या आधी वडिलांनी घरातल्या उरलेल्या अँटीबायोटिकच्या एक-दोन गोळ्या घेतल्या होत्या का, ते एकदा विचारा. तेवढ्यानेही बाटलीत काही न वाढण्याची शक्यता असते आणि घेतल्या असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.