टोप परत द्यायचा राहिलाय: दगडफेकीनंतरचं घर आणि शेजार

“दगडफेक होऊन पाच आठवडे झाले. धाकटा झोपेत दचकून उठतोय, अंथरूण ओलं करतोय. थोरला मोबाईलमधून डोकं वर काढंना. हे म्हणतात घर विकून टाकूया. समोरच्या भाभीशी अठरा वर्षांचं येणं-जाणं, आता दोघींचीही दारं बंद. मी आधी कुणाकडं बघू?”

बेळगावच्या जुन्या भागातल्या एका गल्लीतल्या बाईंचा हा प्रश्न. वय अडतीस, नवरा उद्यमबागेत फौंड्रीत पाळीवर, मुलगे सात आणि सोळा वर्षांचे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे. दंगल झालेल्या कुठल्याही गल्लीतून तो थोड्याफार फरकाने येतोच. मिरवणुकीच्या वाटेवरून वाद, दिवेलागणीला दगडफेक, तीन दुचाकी जळाल्या, दोन दिवस जमावबंदी. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘जनजीवन पूर्वपदावर’ छापून आलं. घर पूर्वपदावर यायला महिने लागतात.

पहिल्या भेटीत समुपदेशकाने ‘त्या रात्री काय झालं’ हे विचारलं नाही. बाईंना त्याचं नवल वाटलं. एकदाच बसवून सगळं वदवून घेतलं की मन मोकळं होतं, हा समज फार पसरलेला आहे. तो खरा नाही. अशी जबरदस्तीची उजळणी काहींचा त्रास वाढवते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेही ती करू नये असं म्हटलं आहे. माणूस आपणहून बोलला तर ऐकायचं, खोदायचं नाही. विचारायचं ते आजचं. झोपता कुठं? जाग कितीला येते? घरात रात्री कोण असतं? कुणी प्रत्यक्ष धमकी दिली आहे का? धमकी असेल तर तिथं समुपदेशन थांबतं आणि पोलिसांचं काम सुरू होतं, ११२ लावायचा. इथे तशी धमकी नव्हती.

झोपेच्या चौकशीतच धाकट्याच्या दचकण्याचा एक धागा सापडला. फुटलेल्या खिडकीला पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारली होती. पावसाळी वारा सुटला की पुठ्ठा रात्रभर फडफडायचा, आणि पोरगं नेमकं त्याच खिडकीखाली झोपायचं. काच का बसवली नाही? नवऱ्याचं म्हणणं, पुन्हा फोडतीलच. बाईंचं म्हणणं, पंचनामा झालेला नाही. काचांचे तुकडे पत्र्याच्या डब्यात भरून कॉटखाली ठेवलेले, आणि आत आलेला दगड अजून खिडकीच्या कट्ट्यावर. रोज झाडलोट करताना बाई तो उचलायच्या, खालची धूळ पुसायच्या आणि परत तिथंच ठेवायच्या.

‘टाकून द्या तो दगड’ असं सांगणं सोपं होतं. पण जे घडलं त्याचा तेवढाच पुरावा त्यांच्या हातात होता. आधी कागद, मग दगड.

सीमाभागात कागदाची अडचण दुहेरी असते. तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते आणि मराठी शाळेत शिकलेल्या बाईला आपण कशाखाली सही करतोय ते कळत नाही. भीती त्यानेही वाढते. तक्रार लिहून झाली की ती तक्रारदाराला वाचून दाखवायची आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. कन्नड वाचता येणारं माणूस बरोबर न्यावं, त्याच्याकडून मराठीत अर्थ ऐकावा, मगच सही करावी. नुकसानीचे फोटो दोन प्रकारचे काढावेत, एक लांबून सगळं घर दिसेल असा आणि एक जवळून. गाडी जळाली असेल तर विमा कंपनीला लगेच कळवावं. स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर दंगल आणि आग त्यात येते, नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. पैशाअभावी वकील अडत असेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरण आहे. त्याच्या १९८७ च्या कायद्यात जातीय अत्याचार आणि वांशिक हिंसाचाराच्या पीडितांचा मोफत मदतीसाठी स्पष्ट उल्लेख आहे. आणि गल्लीत शांतता हवी म्हणून तक्रार मागे घ्या असा आग्रह कुणी धरला, तर त्या आग्रहाला शांतता म्हणू नये.

फोटो निघाले, तक्रार नोंदली गेली, पंचनामा झाला आणि त्याच आठवड्यात काच बसली, बाहेरून जाळी लागली. मगच पोरगं सलग चार तास झोपलं.

मोठ्यांच्या झोपेसाठी औषधाच्या दुकानातून गोळी आणू नये. काही आठवड्यांत तिची सवय लागू शकते आणि भीती आहे तिथंच राहते. चार वाजल्यानंतर चहा बंद आणि रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच, हे आधी करून पाहावं. श्वासाचा व्यायाम सगळेच सांगतात, तो चुकतो मात्र एकाच जागी. लोक तो धडधड सुरू झाल्यावर पहिल्यांदा करतात. मोठमोठे श्वास ओढतात, हाताला मुंग्या येतात, चक्कर येते, आणि हार्ट अटॅक आला म्हणून दवाखाना गाठतात. तो शांत वेळी शिकायचा. चार आकडे मोजत नाकाने आत, सहा आकडे मोजत बाहेर, पोट हलू द्यायचं, पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. दहा-बारा दिवस झाले की मग तो धडधडीच्या वेळी कामाला येतो.

अंथरूण ओलं करणं बंद झालेलं मूल अशा प्रसंगानंतर पुन्हा सुरू करतं. तो हट्टही नाही, आजारही नाही. गादीवर प्लास्टिक, त्यावर जुनी चादर, उशाशी कोरडे कपडे, झोपण्याआधी लघवी, एक दिवा चालू. पाहुण्यांसमोर विषय काढायचा नाही. काल कोरडं होतं, आज का ओलं, असा हिशेबही त्याच्यासमोर करायचा नाही. पोरगं दिवसा खेळण्यातल्या गाड्यांवर खडे मारायचं आणि आजी ओरडायची. तो खेळ थांबवू नये, त्याचा शेवट बदलावा. आईने एके दिवशी बंब आणला, म्हणजे एक लाल डबा ढकलत आणला, आणि दोघांनी आग विझवली. चार दिवसांनी बंब त्यानेच आणला.

शटरची भीती मात्र खेळाने गेली नाही. त्या संध्याकाळी आधी दगड नव्हे, दुकानांची शटर्स धडाधड खाली आली होती, म्हणून शटर पडलं की हा कॉटखाली. अशा भीतीला पायरीपायरीने भिडावं लागतं. पहिले दोन दिवस भरदुपारी वडिलांचा हात धरून शटरपासून पन्नास पावलांवर उभं राहायचं. दुकानदाराला आधी सांगून ठेवायचं, शटर हळू ओढायचं. ‘भीती किती?’ हे हाताने दाखवायला सांगायचं, कमरेएवढी की डोक्याएवढी. ती निम्म्यावर येईपर्यंत हलायचं नाही. मग तीस पावलं, मग दहा, मग संध्याकाळची वेळ. इथं घरोघर एकच चूक होते. मूल रडायला लागलं की माया येते आणि भीती डोक्याएवढी असतानाच त्याला उचलून घरी आणलं जातं. पळालो म्हणून वाचलो, एवढंच मग मूल शिकतं. शाळेचंही तसंच. घरी राहिलेला प्रत्येक दिवस भीतीला बळ देतो. पहिले दोन दिवस अर्धी शाळा, तिसऱ्या दिवसापासून पूर्ण, आणि आईने फाटकाशी थांबायचं ते प्रार्थना संपेपर्यंतच.

थोरल्याशी बोलणं जास्त कठीण होतं. सगळे धर्म सारखे, हे त्याला मामाने, सरांनी आणि काकांनी ऐकवून झालं होतं. तो उठून जायचा. दुसऱ्या भेटीत त्याला एवढंच विचारलं, “तेव्हा तू कुठं होतास?” तो दाराला पाठ लावून उभा होता. वडील कामावर होते, आई धाकट्याला घेऊन परड्यात. चाळीस मिनिटं तो कडी धरून उभा होता आणि त्याच्या मते त्याने ‘काहीच केलं नाही’. त्याच्या बदल्याच्या भाषेखाली ही लाज होती. दार तूच धरलंस, हे त्याला घरातल्या कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री जेवताना वडिलांनी सांगितलं, भाषण न देता.

मोबाईल काढून घेतला नाही. काढून घेतला की पोरं मित्राच्या मोबाईलवर बघतात, आणि ते आपल्याला दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो-डाउनलोड बंद केलं, रात्री नऊनंतर व्हिडिओ बंद, आणि प्रत्येक व्हिडिओला तीन प्रश्न: कधीचा, कुठला, काढला कुणी? तिन्हीची उत्तरं नसतील तर पुढे पाठवायचा नाही. दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, जुन्या दंड संहितेतलं १५३-अ. सोळाव्या वर्षीही त्यासाठी बाल न्याय मंडळासमोर उभं राहावं लागू शकतं, हेही त्याला सरळ सांगितलं. नुकसानीचे फोटो काढायचं आणि यादी करायचं काम त्याच्याकडेच दिलं होतं. संध्याकाळी तालमीत जाणं पुन्हा सुरू झालं.

घर विकण्याचा निर्णय सहा महिने पुढे ढकलायला सांगितला, आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लावली. दंगलीनंतरच्या पहिल्या आठवड्यांतच दलाल दारात येतात आणि घाबरलेल्या माणसाला पडत्या भावात घर विकायला लावतात. सहा महिन्यांनीही जावंसं वाटलं तर जाण्यात कमीपणा काहीच नाही.

आता भाभी. शांतता समितीची बैठक पोलीस ठाण्यात होते, पुरुष जातात, चहा होतो, फोटो निघतो. ती गरजेची आहे. पण गल्लीतला शेजार नळावर तुटतो आणि नळावरच जुळतो. त्यासाठी बाईंना हात जोडून दिलजमाई करायला पाठवलं असतं तर दोघी अवघडल्या असत्या. देणंघेणं आधी सुरू व्हावं लागतं, बोलणं त्याच्या मागून येतं. पहिला आठवडा नुसतं दिसणं: पाणी सुटतं तेव्हा दार उघडं ठेवायचं, नजर भेटली तर मान हलवायची. दुसऱ्या आठवड्यात एखादं वाक्य, तेही पाण्याबद्दल किंवा गॅसच्या टाकीबद्दल. मग परत करायची वस्तू शोधायची. बाईंना लगेच आठवलं. रमजान ईदला शिरखुर्मा आला होता तो टोप अजून त्यांच्याच मांडणीत होता.

भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. मग काय घालायचं? बाई म्हणाल्या, कुंदा आणते पाव किलो. समुपदेशकाने नको म्हटलं. मिठाईच्या डब्याने माफीचं किंवा उपकाराचं ओझं येतं. एरवी काय घालता? परड्यातली अळूची पानं. तीच नेली, सात-आठ, देठांसकट. भाभींनी टोप घेतला, पानं उलटून बघितली, म्हणाल्या, “पानी आया क्या वैनी तुम्हारे इधर?” पहिल्या दिवशी तेवढंच.

त्या रात्रीचा विषय तीन आठवड्यांनी भाभींनीच काढला. त्याही आतून कडी लावून बसल्या होत्या, त्यांचा भाऊ दोन दिवस घरी पोचला नव्हता. अशा वेळी ‘तुमचे लोक’ हे शब्द तोंडात येऊ द्यायचे नाहीत, आणि समोरच्या बाईने साऱ्या समाजाच्या वतीने माफी मागावी अशी अपेक्षा ठेवायची नाही. आपण स्वतः पाहिलं तेवढंच बोलायचं. तिचं ऐकताना मध्ये आपलं घुसवायचं नाही. अर्थात ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे, किंवा दगड मारणारा शेजारीच होता हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं आहे, त्याला या वाटेवर ढकलू नये.

महिना उलटून गेल्यावरही तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत राहिली, कामावर जाणं सुटलं, दारू वाढली, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं, तर समुपदेशन पुरत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आणि चोवीस तास आहे, तिथं मराठी भाषा निवडता येते. या घरात तशी वेळ नवऱ्यावर येता येता राहिली. संध्याकाळचं पिणं रोजचं झालं होतं, रात्रपाळी बदलून घेतल्यावर ते शनिवारपुरतं उरलं. त्यावर लक्ष ठेवावं लागेल.

आठ आठवड्यांत सहा भेटी झाल्या. धाकट्याच्या आठवड्यातल्या पाच रात्री कोरड्या जातात. दगड आता परड्यात अळूच्या वाफ्याच्या कडेला आहे. गणपती जवळ आलेत. कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या मिरवणुका पहाटेपर्यंत चालतात, ढोल आणि फटाके गल्लीतून जातील. अशा वेळी जुनी भीती पुन्हा उसळते, म्हणून आधीच ठरवलं: धाकटा आरतीपर्यंत थांबेल, नंतर खानापूरला मामाकडं. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन बायकांनी एकमेकींचे नंबर घेतले आहेत, काही कानावर आलं की आधी फोन. थोरला म्हणतो, मी मिरवणुकीत जाणार. त्याला काय उत्तर द्यायचं हे घरात अजून ठरलेलं नाही. पुढची भेट विसर्जनाच्या आठ दिवस आधी, त्याच्यासकट.