थिसीस कर, पण धरणाच्या उंचीवर नको

प्रिय,

तुझी सिनॉप्सिस नीट वाचली. मेहनत दिसतेय, त्यात वाद नाही, पण वाचताना सारखं वाटत होतं की यूट्यूबवरचा एखादा ड्रोनचा व्हिडिओ बघतोय, मोठ्ठं धरण, मागे ढँटॅढँ म्युझिक आणि खाली आकडे पळतायत, उंची एवढी, काँक्रीट एवढं, मेगावॅट एवढे. चीनच्या नद्यांवर काम करायचं म्हणतेस तर जरूर कर, विषय उत्तम आहे. फक्त थ्री गॉर्जेसवर (यांगत्झे नदीवरचं ते महाधरण) अर्धी पानं खर्च करू नकोस, त्यावर सगळं जग लिहितं. तू गाळापासून सुरू कर.

पिवळी नदी घे. वरती लोएसचं पठार, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेली भुसभुशीत पिवळी माती, पाऊस पडला की भसाभस वाहून येते. विसाव्या शतकाच्या मध्याला ही नदी वर्षाला सरासरी 160 कोटी टन गाळ आणत होती. खाली हेनानच्या सपाटीला आली की वेग कमी, गाळ खाली बसतो, तळ वर येतो, मग लोक तटबंध उंच करतात, मग परत गाळ, परत तटबंध, असं शेकडो वर्षं चाललं आणि आज काइफेंगजवळ नदीचा तळ शहराच्या जमिनीपेक्षा कितीतरी मीटर वर आहे. अशी नदी फुटली की परत पात्रात येत नाही ना, ती उताराने निघूनच जाते. 1855 मध्ये फुटली ती पूर्ण दिशाच बदलून उत्तरेला बोहाय समुद्राला जाऊन मिळाली. (1938 मध्ये तर जपानी फौज अडवायला चीनच्याच सैन्याने ह्वायुआनखोउला तटबंध फोडला, लाखो शेतकरी मेले किंवा देशोधडीला लागले. तो वेगळाच विषय आहे, त्यात शिरू नकोस, पण एक तळटीप दे.)

आता सानमेनशिया धरण. तुझ्या यादीत ते एका ओळीत आलंय, "1960, पिवळ्या नदीवरचं पहिलं मोठं धरण", बस्स? अगं, त्याच्यावर अख्खा चॅप्टर होईल. डिझाइन सोव्हिएत तज्ज्ञांचं, आणि गृहीतक असं की वरच्या पठारावर झाडं लावून, मजगी (उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं) काढून गाळ लवकरच कमी होईल. 1957 च्या चर्चेत छिंगह्वा विद्यापीठाचे प्राध्यापक ह्वांग वानली यांनी विरोध केला. निदान बांधकामाच्या वेळी ठेवलेली तळातली भोकं तरी बुजवू नका, पुढे गाळ सोडायला लागतील, असं ते म्हणत होते. वेन शानचांग नावाच्या नुकताच शिकून आलेल्या एका पोराने धरणाची पातळी खूप खाली ठेवा असं लिहून दिलं. कुणी ऐकलं नाही. भोकं काँक्रीटने बुजवली, प्राध्यापकांना "उजवे", म्हणजे पक्षाच्या विरोधातले, ठरवून बाजूला टाकलं. पाणी अडवलं आणि दीडेक वर्षात जलाशयात जवळपास 150 कोटी टन गाळ येऊन बसला, वरच्या अंगाला वेई ही उपनदी तुंबायला लागली, शिआनसारखं शहर धोक्यात. मोरीचं तोंड बंद करून वरून बादल्या ओतल्यावर दुसरं काय होणार. मग 1962 पासून साठवण सोडून दिली, फक्त पूर थोपवायचा आणि गाळ जाऊ द्यायचा, पुढे नवे बोगदे काढले आणि 1970 च्या सुमारास तीच बुजवलेली भोकं परत फोडून उघडली. तीन लाखाच्या आसपास शेतकरी ज्या जमिनीवरून उठवले होते ती वेईच्या काठची चांगली गव्हाची जमीन होती, आणि एवढं करून जलाशय ठरवला तसा भरलाच नाही.

मी हे चीनची चेष्टा करायला सांगत नाहीये, कारण पुढचं पण त्यांनीच केलंय. याच नदीवर खाली शियाओलांगदी धरण बांधताना गाळ पहिल्यापासून हिशेबात धरला, आणि 2002 पासून ठरवून, वरच्या धरणांचं पाणी एकत्र जुळवून, जोरात सोडून खालचं पात्र धुतात. 2002 मध्ये खालच्या मुख्य पात्रात सेकंदाला 1800 घनमीटरच्या वर पाणी गेलं की काठाबाहेर यायचं अशी अवस्था होती, नंतर दहा-बारा वर्षांत तेच 4000 च्या वर गेलं. आणि मला त्याहून आवडणारी गोष्ट म्हणजे पठारावरच्या घळींतले छोटे मातीचे बांध. गावातल्या लोकांनी घळीत बांध घालायचा, गाळ अडवायचा, आणि गाळाने भरला की त्याच सपाट ओल्या जमिनीत मका लावायचा. पाण्यासाठी नाही, गाळासाठीच धरण! हे असले बांध, मजगी, 1999 पासूनची उतारावरची शेती बंद करून झाडं लावायची योजना, वरची धरणं, सगळं मिळून गाळ पूर्वीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर आला. यातलं कशाचं श्रेय किती यावर त्यांच्यातही भांडणं आहेत, ती वाच.

इथे आपल्या देशाशी थेट दुवा आहे आणि तो तुझ्याकडे नाहीच. 1954 मध्ये कंवर सेन आणि के. एल. राव हे आपले दोन मोठे इंजिनिअर चीनला जाऊन पिवळ्या नदीचे तटबंध बघून आले, आणि त्यांच्या रिपोर्टचा आधार बिहारमधल्या कोसी नदीच्या तटबंधांना मिळाला. 1955 च्या जानेवारीत कोसीचं काम सुरू. म्हणजे जी नदी तटबंधामुळे वर उचलली गेली तिचाच दाखला आपण घेतला. शेकडो गावं दोन तटबंधांच्या मधे अडकली ती अजून तिथेच आहेत, आणि 2008 मध्ये नेपाळात कुसाहाला फुटून नदी जुन्या वाटेने निघाली. हा रिपोर्ट मिळवून मुळातून वाच, दुसऱ्याने केलेला सारांश वाचून लिहू नकोस.

बानछियाओ धरण तू घेतलंयस ते चांगलं केलंस, पण "टायफून नीनामुळे धरण फुटलं" एवढ्यावर सोडू नकोस. पाऊस भयंकरच होता, 24 तासात हजार मिलिमीटरच्या वर, आणि 8 ऑगस्ट 1975 च्या पहाटे धरण गेलं, एकटं नाही, त्या भागातली साठच्या वर लहानमोठी धरणं गेली. सरकारी आकडा 26 हजार मृत्यूंचा, नंतरची उपासमार आणि रोगराई धरली तर काही अंदाज लाखाच्या खूप पुढे जातात. पण मूळ बघ कुठे आहे. 1950 च्या दशकाच्या शेवटी ह्वाय नदीच्या खोऱ्यात धोरणच होतं की जमेल तिथे पाणी साठवा, बांध घाला. चेन शिंग नावाचे जलतज्ज्ञ सांगत होते की सपाटीवर एवढं साठवलं तर निचरा होणार नाही, जमीन चिबड आणि खारट होईल, आणि पूर आला तर वाट नाही. त्यांनी धरणांना पाणी सोडायचे दरवाजे जास्त मागितले, त्यांना जास्तच घाबरट ठरवलं. त्यातून पुराच्या रात्री फोन, तार सगळं बंद, खालच्या गावांना कळवणार कोण.

लाल झेंडा कालव्यावर फार वेळ घालवू नकोस, त्याचा प्रचार इतका झालाय की त्यातून खरं वेगळं करायला वेगळी पीएचडी लागेल. पण ताइहांग डोंगराच्या कड्यात 70 किलोमीटरचा मुख्य कालवा 1 ला 8000 च्या उताराने, तोही 1960 सालच्या दुष्काळात सुरू करून, हातोडे-पहारी घेऊन काढला, हे इंजिनिअर म्हणून मान्य करावंच लागतं. 81 माणसं मेली. त्यात वू झूताय हा सर्व्हे करणारा इंजिनिअर, वय 27, बोगद्याचं छत पडून गेला. आणि नंतर काय, तर कालव्यात जिचं पाणी येतं त्या झांग नदीचं पाणी वरच्यांनी अडवलं, तीन प्रांतांत भांडणं लागली. कालवा अख्खा आहे, पाणी भांडून आणावं लागतं, आपल्याकडच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दूजियांगयानचं मात्र एक पान ठेव. साधारण पावणेतेवीसशे वर्षांपूर्वी ली बिंगने मिन नदीत भिंत आडवी न घालता पाणी दोन वाटांना विभागलं, ते आजही छंगदूच्या सपाटीला पाणी देतंय. टिकलं कशाने? दर हिवाळ्यात वाट बंद करून गाळ उपसायचा, आणि किती खोल उपसायचा ते कळावं म्हणून तळात लोखंडी कांबी पुरून ठेवल्यात, त्या दिसेपर्यंत खणायचं. तुमच्या कॉलेजात देखभालीवर किती लेक्चर होतात? नाहीच होत.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तुझा मेन केस स्टडी मंगवा असू दे, म्हणजे पुराचं पाणी मुद्दाम सोडायला राखलेला भाग. आनह्वी प्रांतात फुनान तालुक्यात, ह्वाय नदीच्या काठावर. वांगजियाबाला 1953 मध्ये 13 दरवाज्यांचं गेट बांधलंय, पण ते नदी अडवायला नाही, नदीचं पाणी शेतात सोडायला. ह्वायची पातळी हाताबाहेर जायला लागली की ते उघडतात आणि 180 चौरस किलोमीटर शेती मुद्दाम बुडवतात, का तर खालची शहरं, रेल्वे, खाणी वाचाव्यात. क्षमता 75 कोटी घनमीटर, म्हणजे साधारण 26 टीएमसी, पुण्याच्या चारही धरणांत मिळून 29 आहे, आता अंदाज कर. आणि ही रिकामी जागा नाही, तिथे दीड-दोन लाख लोक राहतात, मातीचे उंच ओटे घालून त्यावर गावं वसवलीयत, असे 131 ओटे. पाणी आलं की प्रत्येक गाव एक बेट. घराला घर लागून, पूर्वी तर गटार पण नव्हतं.

20 जुलै 2020 च्या सकाळी उघडलं, 1953 पासून सोळाव्यांदा. आदल्या रात्री खालच्या वस्त्यांतल्या दोनेक हजार लोकांना उचलून ओट्यांवर आणलं, गुरं-डुकरं मिळेल त्या किमतीला काढली, 76 तास पाणी घेतलं, 13 टीएमसीच्या आसपास. उभं पीक गेलं. लोक कमळकाकडी लावतात, टोपल्यांसाठी वाळुंज लावतात, कारण थोडं पाणी त्यांना चालतं, पण एवढ्या खोल पाण्यात कमळही सडतं. 2000 सालच्या नियमात भरपाई ठरली ती मागच्या तीन वर्षांच्या सरासरी पिकाच्या 50 ते 70 टक्के. तर पूर्ण का नाही? खालच्या शहराचं जे वाचलं त्यातून इथल्या शेतकऱ्याला हिस्सा का नाही? गेट उघडायचं कुठल्या पातळीला हे लेखी ठरलंय, पण ती पातळी ठरवताना ओट्यावरचं कुणी बसलं होतं का? आणि दुसरी बाजू पण लिही, नाहीतर एकांगी होईल: हा त्याग निदान कागदावर आहे, नकाशावर आहे, कुणाचं शेत बुडणार ते आधी माहीत आहे आणि त्याला पैसे मिळतात. पूर तर कुठेतरी जाणारच असतो. जिथे असं काही ठरलेलं नसतं तिथे ज्याचा आवाज सगळ्यात बारीक त्याच्या घरात जातो आणि वर भरपाईसाठी पंचनाम्याची वाट बघायची.

कामाचं सांगतो. चिनी भाषा सहा महिन्यांत येणार नाही, पण नद्यांची, गेजिंग स्टेशनची (जिथे नदीचं पाणी मोजतात) नावं आणि पातळी-विसर्गाचे तक्ते वाचण्यापुरती अक्षरं शिकून घे, ट्रान्सलेट ॲपवर भरवसा ठेवलास तर "मू" या जमिनीच्या मापाला एकर समजून बसशील, 15 मू म्हणजे एक हेक्टर. सॅटेलाइट इमेज जुलै 2020 च्या आधीची आणि नंतरची फुकट मिळते, मंगवा त्यात स्पष्ट दिसतं, बुडालेलं क्षेत्र तू स्वतः काढ. थ्री गॉर्जेस, साउथ-नॉर्थ वॉटर ट्रान्सफर (दक्षिणेचं पाणी उत्तरेला नेणं), जलविद्युत हे तिन्ही चॅप्टर उडव. गाईड कुरकुर करतील, "स्कोप लहान झाला" म्हणतील, त्यांना माझ्याशी बोलायला सांग.

नवीन सिनॉप्सिस पीडीएफ पाठवू नकोस, वर्ड फाइल पाठव, मला त्यात खुणा करायच्यात. आणि फोन करायचा तर संध्याकाळी सातनंतर कर, दुपारी मी झोपतो.

तुझा,
सर