वाटणीची घाई करू नका

वडील गेल्यावर त्यांची देणी, मालमत्ता आणि वाटणी निस्तरायचं सगळं तुमच्यावर आलंय, म्हणून आधी हेच सांगते. दागिने, गाडी, एखादं कपाट, कुणी ना कुणी मागेलच. आत्ता काहीही देऊ नका. आधी देणी फेडायची, मग वारसांचे हिस्से. थकलेला कर, हातउसनं, आजारपणाचं बिल हे सगळं मागाहून उगवतं. तोवर पैसे वाटून झालेले असले, तर ते परत मागायची पाळी तुमच्यावर येते, कधी पदरचेही भरावे लागतात. मामांच्या वेळी माझी हीच चूक झाली आणि मावसबहिणीशी वर्षभर अबोला राहिला.

पिन माहीत असला तरी त्यांचं एटीएम कार्ड वापरू नका. खर्च दवाखान्याचा असला तरी नंतर शंका येतेच. मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रमाणित प्रती घ्या. मूळ मृत्युपत्राची स्टेपल काढून झेरॉक्स करू नका, पान बदललं की काय असा प्रश्न निघू शकतो.

घर रिकामं असेल तर विमा कंपनीला कळवा. आणि पहिल्या दिवसापासून वहीत प्रत्येक रुपया तारखेसह लिहा, पावती त्याच पानाला टाचा. भावंडांनी विचारण्याआधी ती वही तुम्हीच त्यांच्यापुढे ठेवा.