शेडनेटची तार ओढण्याआधी खांब बघ
भावा, टेरेसवर शेडनेट (सावलीची जाळी) बांधायला तार किती जाडीची घेऊ विचारतोस, पण ते नंतर, आधी ती कशाला बांधणार ते सांग. टेरेसच्या कठड्याच्या विटेत फास्टनर ठोकू नकोस, विटेसकट बाहेर येतो. आरसीसी कॉलमच धर, तोही स्लॅबच्या जितका जवळ तितका बरा. कॉलमला तारेचा वेढा देणार असशील तर त्याच्या कोपऱ्यांवर अँगलचे (एल आकाराच्या लोखंडी पट्टीचे) तुकडे लाव.

आठ एमएमच्या तारेला थिंबल (तारेच्या फासात बसणारी धातूची खोबण) आणि फास पक्का धरायला तीन यू-क्लॅम्प. क्लॅम्पचं खोगीर, म्हणजे नटांखालचा जाड तुकडा, ओढ घेणाऱ्या तारेवर, यू-बोल्ट परत वळवलेल्या मोकळ्या शेपटावर. निम्मे लोक नेमकं उलटं लावतात. ताण दिल्यावर नट पुन्हा आवळ. थोडा झोल राहू दे, ताठ तारेवर वाऱ्याचा झटका थेट कॉलमवर जातो.

माल उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत बघ. गॅल्व्हनाइज्डच घे, आपला पाऊस ठाऊक आहे. जुनं बिनकॉलमचं घर असेल तर आधी इंजिनिअरला दाखव.