चहा चांगला झालाय का?

प्रिय जुई,

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी 'चहा चांगला झालाय का' म्हणते, त्यात दोन वेगळे च ऐकू येतात. अक्षर तर एकच आहे. मग बरोबर कुठला?" मी घाईत "दोन्ही" म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर चुटपुट लागून राहिली. इतका चांगला प्रश्न असा उडवून लावायचा नसतो.

आजीच्या कपाटाच्या आरशासमोर उभी राहा. सावकाश 'आमचा' म्हण, मग 'आमची' म्हण. 'आमचा' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. 'आमची' म्हणताना जीभ टाळूला पसरून चिकटते. हे ई मुळे होतं. ई म्हणायची तर जीभ टाळूकडे उचलावीच लागते, म्हणून ती च च्या वेळीच तिकडे निघते. इ, ई, ए आणि य हे चौघे च ला टाळूपाशी धरून ठेवतात. बाकीचे स्वर पुढे असले की तो दातांकडे सरकतो: चोर, चूल, चव. माझा-माझी म्हणून बघ, झ चंही तेच.

हा दातांचा च तुला जर्मनीत रोज लागतो. दहाला 'त्सेन', दाताला 'त्सान' म्हणतेस ना, तोच आवाज. इंग्रजीत त्या जागी ट आहे, 'टेन' आणि 'टूथ'. आपल्याकडे दश आणि दंत, म्हणजे द. द, ट, त्स ही रांग एकदोन शब्दांत नाही, कितीतरी शब्दांत सापडते. याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये असे नियम मांडले. हो, भावाबरोबर परीकथा गोळा करणारे तेच ग्रिम!

आणि जिभेची टाळूकडची ओढही तुझ्या ओळखीची आहे. जर्मन 'केझे', इंग्रजी 'चीज'. जर्मन 'किन', इंग्रजी 'चिन'. मूळ एकच, पण इंग्रजांच्या तोंडात ए आणि इ च्या शेजारी असलेला क टाळूकडे घसरला आणि च झाला. लॅटिनमध्ये शंभराला 'केंतुम' म्हणत, त्याचं इटालियनमध्ये 'चेंतो' झालं. या लोकांनी आपसांत काही ठरवलं नव्हतं, पण जीभ सगळ्यांची सारखीच.

आता तू म्हणशील, चहात तर इ नाही, ए नाही, मग तो टाळूचा कसा? कारण चहा उशिरा आला. मराठीतला च दातांकडे सरकून झाला होता, त्यानंतर हा शब्द बाहेरून आपला आवाज घेऊन आला आणि तसाच राहिला. चंद्र संस्कृतातून जसाच्या तसा उचलला, म्हणून टाळूचा; चांदणं लोकांच्या तोंडात पिढ्यानपिढ्या घोळलं, म्हणून दातांचं. 'चार' तर मला फार आवडतो. जुन्या मराठीत 'च्यारि' असं लिहिलेलं सापडतं. तो य कधीच गळून गेला, पण त्याने धरलेला च अजून जागचा हललेला नाही.

तिथे कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जाशील तेव्हा तिथले मामा 'पानी' म्हणतील. त्यांना दुरुस्त करू नकोस. संस्कृत 'पानीय' मध्ये न होता, मराठीने त्याचा ण केला, आणि गावाकडच्या बोलीत पुन्हा न आला. मी बाहेरगावी शिकायला गेले तेव्हा माझ्या तोंडून 'कोन' निघालं आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. हे सगळं तेव्हा कुणी मला सांगायला हवं होतं गं.

एक काम कर. आजीला आधी 'सगळं जग' म्हणायला सांग, मग 'पाण्याचा जग'. दोन्ही ज नीट ऐक, रेकॉर्ड करून मला पाठव, आणि पाण्याच्या जगातला ज तसा का, ते तूच मला सांग. पंचगंगेला पाणी चढलंय म्हणतात, घाटावर एकटी जाऊ नकोस.

तुझी,
आई