फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर घेण्याआधी

पैसे भरायची घाई करू नकोस. आधी तू काय काढतोस ते बघ. शिगमोत्सवात रोमटामेळाचे, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीचे, एका रात्रीत शेकडो फोटो काढणार असशील, तर लाइटरूम सोयीचं: एका फोटोवर केलेले बदल बाकीच्यांवर झटक्यात लावता येतात. वर्गणी मात्र भरत राहावी लागते, आणि ते मला खटकतंच. डार्कटेबल फुकट आहे, रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलवर, तितकंच खोल काम करतं. शिकायला चिकाटी हवी.

दूधसागर धबधब्याच्या पांढऱ्याफटक झालेल्या पाण्यातला तपशील जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया करून लहान केलेल्या फाइलमध्ये, गेला की गेलाच. रॉमध्ये पुष्कळदा थोडाफार तपशील परत मिळतो. म्हणून कॅमेरा आजच रॉवर ठेव. नुसतं इन्स्टावर टाकायचं असेल तर मोबाइलवरचं स्नॅपसीड पुरे. फोटोशॉप दोन-तीन फोटो जोडायची वेळ आली की बघू.