मॅडम, पोरगं तुमच्याशी काय बोललं?

हायस्कूलमधल्या समुपदेशकाचं काम काय असतं, याविषयी प्रश्न पाठवा म्हटलं आणि भरपूर पत्रं आली. बरीचशी सोलापूर शहरातली, काही बार्शी-मोहोळकडची. ओळख पटेल असे तपशील काढून त्यांतली काही इथे घेते आहे.

मी विड्या वळते, मालक लूमवर आहेत. मुलगा आठवीत आहे. त्याला शाळेत काउन्सेलर मॅडमकडे पाठवलं, दोन-तीनदा जाऊन आला. काय बोललास विचारलं तर सांगत नाही. मॅडमना विचारलं तर त्याही सांगत नाहीत. त्याच्या डोक्यात काही बिघाड आहे का? आणि आईला सांगायचं नाही, हे कुठलं नियमात बसतं?
— एक आई, विडी घरकुल

ताई, आधी पहिली भीती काढून टाका. मॅडमकडे पाठवलं म्हणजे आजार आहे, असं नाही. मित्राशी बोलणं बंद झालेली, गणिताच्या तासाला पोटात दुखणारी, घरातल्या भांडणामुळे रात्रभर जागणारी, वर्गात दादागिरी करणारी, अशी सगळ्या तऱ्हेची मुलं आमच्याकडे येतात. आजाराचं निदान शाळेतली समुपदेशक करत नाही आणि गोळ्या तर देतच नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचं. तशी गरज दिसली तर ती तुम्हाला बोलावून स्पष्ट सांगेल आणि सिव्हिलला किंवा बाहेरच्या डॉक्टरांकडे पाठवेल.

आता न सांगण्याबद्दल. तेरा-चौदा वर्षांचं पोरगं आपलं बोलणं संध्याकाळपर्यंत घरी पोचणार हे कळलं की पुढच्या वेळी फक्त 'काही नाही मॅडम' एवढंच म्हणतं. मग त्या खोलीचा उपयोग संपला. म्हणून तो काय बोलला ते शब्दाला शब्द आम्ही सांगत नाही. तीन गोष्टी मात्र आम्ही कधीच पोटात ठेवत नाही: मुलाच्या मनात स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार असला तर, तो दुसऱ्या कुणाला इजा करेल असं वाटलं तर आणि कुणी त्याचा छळ किंवा लैंगिक शोषण करत असलं तर. हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. पहिल्या दोन बाबतींत पालकांना त्याच दिवशी निरोप जातो. तिसऱ्यात मात्र कुणाला कळवायचं हे त्रास देणारा माणूस कोण आहे यावर ठरतं, कारण कधी कधी तो घरातलाच असतो.

पण 'सांगत नाही' म्हणजे तुम्हाला काहीच कळू नये, असंही नाही. मॅडमना एवढं जरूर विचारा: त्याला कशामुळे पाठवलं? काळजी करण्यासारखं काही आहे का? घरी आम्ही काय करायचं, काय टाळायचं? याची उत्तरं मिळणं हा तुमचा हक्क आहे. हजेरी बुडवून शाळेत यायची गरज नाही, फोनवर वेळ ठरवून बोला. आणि ताटावर बसल्यावर 'आज काय बोललास' ही चौकशी काही दिवस बंद ठेवा. त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल, बहुधा तुमचे हात सुपात असतील तेव्हा.

रात्री-अपरात्री त्याच्या तोंडून जिवाचं काही बोलणं आलं, तर सकाळची वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आमची अनुदानित शाळा, पट साडेसहाशेच्या आसपास. समुपदेशकाचं पद मंजूर नाही. संस्थेचं म्हणणं, एखाद्या शिक्षकालाच ते काम द्या. चालेल का? आणि नेमलाच तर त्याच्याकडून काय काम घ्यायचं?
— मुख्याध्यापक, सोलापूर शहर

सर, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे बालक आणि किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. पट कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी हवी. साडेसहाशेच्या शाळेला पळवाट नाही. पद मंजूर नसलं तरी मानधनावर माणूस घेता येतो. शेजारच्या दोन शाळा मिळून एकाला आठवड्याचे दिवस वाटून घ्या, हेही जमण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना अडीचशे विद्यार्थ्यांमागे एक, असं प्रमाण सुचवते. आपल्याकडे तो आकडा ऐकून संस्थाचालक चहा मागवतील, पण साडेसहाशेला शून्य हे काही त्याचं उत्तर नव्हे.

शिक्षकालाच हे काम देण्यात अडचण अशी की, जो पेपर तपासतो, प्रात्यक्षिकाचे गुण देतो, हजेरीवरून पालकांना बोलावतो, त्याच्यापुढे मूल मोकळं होत नाही. एखाद्या शिक्षकाचा स्वभाव चांगला असेल, मुलं त्याच्याकडे आपण होऊन जात असतील, तर त्याला प्रशिक्षण जरूर द्या. अडचणीत असलेलं मूल आधी त्याच्याच नजरेत येईल. न्यायालयानेही सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा असं प्रशिक्षण द्यायला सांगितलं आहे. पण त्याने समुपदेशकाची जागा भरते असं धरू नका.

माणूस घेताना मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आणि किशोरवयीन मुलांबरोबर केलेलं काम बघा. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावणाऱ्याकडे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा.

काम काय घ्यायचं, यापेक्षा काय घ्यायचं नाही हे आधी सांगते, कारण आमच्या धंद्यातलं निम्मं दुखणं तिथेच आहे. ऑफ तासाला वर्ग सांभाळायला पाठवू नका. केस वाढवलेल्या, मोबाईल आणलेल्या मुलांना शिक्षा म्हणून त्याच्याकडे धाडू नका. एकदा ती खोली शिक्षेची झाली की तिथे आपणहून कुणी फिरकत नाही. मुलाचा दाखला काढायला लावायचा म्हणून पालकांची समजूत घालायला त्याला बसवू नका. आणि 'कुणी काच फोडली' याचा तपास त्याच्याकडे अजिबात देऊ नका.

खोली मोठी नसली तरी चालेल, पण दार लागणारी हवी आणि तुमच्या केबिनला लागून नको. नोंदवही कुलपात राहील, ती मुख्याध्यापकांनीही चाळायची नाही. महिन्याला किती मुलं आली, साधारण कोणत्या अडचणींसाठी आली, एवढा नावाशिवायचा गोषवारा तुम्ही मागू शकता आणि मागाच. त्यावरून शाळेचंच काही कळतं. एकाच तुकडीतली मुलं सारखी येत असतील, तर दुखणं मुलांत नसून त्या तुकडीत आहे. गुणांवरून 'हुशार' आणि 'ढ' तुकड्या पाडल्या असतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालातली तुकड्या आणि चारचौघातल्या अपमानाबद्दलची सूचनाही वाचून घ्या.

उरलेला वेळ वर्गावर जाऊन बोलण्यात, शिक्षकांशी गाठीभेटीत आणि पालकांना भेटण्यात जाऊ द्या. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि दहावीची सराव परीक्षा पाठोपाठ येतात. तेव्हा गैरहजेरी आणि भीती दोन्ही वाढतात. त्या काळात त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका.

नववीतल्या एका मुलीने मला सांगितलं की घरी राहायला आलेले नातेवाईक तिला नको तसा हात लावतात. 'बाई, कुणाला सांगू नका' म्हणाली. मी शब्द दिला. आता झोप लागत नाही. घरच्यांना बोलावू का?
— एक वर्गशिक्षिका

बाई, हा शब्द तुम्हाला पाळता येणार नाही आणि पाळायचाही नाही. २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती ज्याला कळली त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडपला तर शिक्षा आणखी जास्त, एक वर्षापर्यंत कैद. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. खरं-खोटं ठरवणं तुमच्याकडे नाही, शाळेकडेही नाही.

आज शाळेत गेल्यावर मुलीला एकटीला बाजूला घ्या. म्हणा, 'तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. हे मी एकटीने ठेवू शकत नाही, पण कुणाला सांगणार ते तुला आधी सांगेन.' तिने सांगितलं तेवढं तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा विचारू नका. समुपदेशक, मुख्याध्यापक, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेली सखी सावित्री समिती असं तिला तीन जणांसमोर उभं करून तीच गोष्ट वदवून घेऊ नका. घरच्यांना आधी बोलावू नका. ते नातेवाईक त्याच घरात आहेत, संध्याकाळी तिच्यावर काय दबाव येईल ते तुम्हाला माहीत आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करून मदत मागता येते. पोलीस ही बाब बालकल्याण समितीला २४ तासांत कळवतात. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशात नसताना घ्यायचा असतो. हे तिला सांगा, पोलीस म्हटल्यावर मुली घाबरतात.

शाळेत समुपदेशक असेल तर पुढच्या सगळ्या आठवड्यांत मुलीची सोबत करणं हे तिचं काम. तक्रार कळवण्याची जबाबदारी मात्र तिच्याकडे सोपवून तुम्ही मोकळ्या होत नाही. आणि 'शाळेचं नाव जाईल' असं कुणी म्हणालं, तर कलम २१ दाखवा.

मुलगा दहावीत, प्रिलिमला ६२ टक्के. मी म्हणतो सायन्स घेऊन लातूरला नीटची तयारी कर. तो म्हणतो इलेक्ट्रिकल. तुम्ही समजावून सांगाल का?
— व्यापारी, नवी पेठ

कुणाला समजावू, ते आधी ठरवू या! समुपदेशक वडिलांच्या बाजूचा वकील नसतो, मुलाच्याही नाही. मी दोघांना एकत्र बसवून विचारेन: इलेक्ट्रिकल म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे काय आहे? नीटची दोन वर्षं म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे काय आहे, आणि नाही जमलं तर तिसऱ्या वर्षी काय? डॉक्टरकीच हवी असली तर वाट अकरावी सायन्सचीच, पण ती चालायची त्याला आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यामुळे 'डिप्लोमा केला की शिक्षण संपलं' ही समजूत सोडा. विजापूर रोडच्या आयटीआयमध्ये त्याला घेऊन एकदा जाऊन या, इलेक्ट्रिशियनची कार्यशाळा बघा. एका चाचणीच्या कागदावरून पोराचं आयुष्य ठरवू नका, मी घेतलेल्या चाचणीच्याही नाही.

पूर्व भागातल्या शाळेत शिकवते. सातवीतला एक मुलगा घरी तेलुगू बोलतो. मराठी वाचताना अडखळतो, जोडाक्षरं गाळतो. हा भाषेचा प्रश्न की अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन शिकण्यातच असलेली अडचण)?
— शिक्षिका

चांगला प्रश्न, आणि घाईत ठरवू नये असा. त्याच वर्गातली, घरी तेलुगूच बोलणारी इतर मुलं बघा. ती सातवीपर्यंत नीट वाचायला लागली आणि हाच मागे राहिला, तर केवळ घरची भाषा हे कारण पुरत नाही. धडा तुम्ही वाचून दाखवलात तर तोंडी उत्तरं पटापट देतो का? इंग्रजी वाचतानाही असाच अडखळतो, अक्षरं गाळतो का? दोन्हींना 'हो' असेल, तर पुढे जा. पण आधी डोळे आणि कान तपासून घ्या. चष्मा लागल्यावर सुटलेली प्रकरणं आमच्याकडे कमी नाहीत.

इथे समुपदेशकाचं काम निरीक्षणं गोळा करणं, वह्यांचे नमुने जोडणं आणि पालकांना न घाबरवता मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयाकडे पाठवणं. ठप्पा मारणं नव्हे. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती बोर्डाकडून मिळू शकतात. दहावीचा अर्ज भरायच्या आठवड्यात धावपळ करणारे पालक दरवर्षी दिसतात. तुमच्याकडे अजून तीन वर्षं आहेत. तपासणीच्या वेळी घरची भाषा तेलुगू आहे, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

मी नववीत आहे. मला मॅडमशी बोलायचंय, पण त्या खोलीत गेलेलं सगळ्यांना दिसतं. मुली चिडवतात.

खोलीतच भेटायला हवं असं नाही. मॅडम वर्गावर येतात तेव्हा वहीत चिठ्ठी ठेवून दे. 'मला भेटायचं आहे' आणि वर्ग-तुकडी, इतकं पुरे. कारण चिठ्ठीत लिहू नकोस, ती कुणाच्याही हाती पडू शकते. मधल्या सुट्टीऐवजी वाचनालयाच्या तासाला वेळ माग. पहिल्या भेटीत सगळं सांगायची सक्ती नाही. मॅडमना सरळ विचार, 'मी सांगेन ते तुम्ही कुणाला सांगाल?' त्यांचं उत्तर पटलं तरच पुढे बोल. नाही पटलं, तर तुला जवळच्या वाटणाऱ्या दुसऱ्या एखाद्या बाईंकडे जा. तेही चालतं.

शाळेतल्या समुपदेशकाला फी द्यावी लागते का?
— पालक, जुळे सोलापूर

नाही. शाळेने नेमलेली व्यक्ती शाळेतल्या मुलाकडून वेगळे पैसे घेत नाही. 'माझ्या खासगी क्लिनिकला या' म्हणून तिनेच कार्ड हातात ठेवलं, तर मुख्याध्यापकांना सांगा. बाहेरच्या तज्ज्ञाची गरज असेलच, तर तिने तुम्हाला दोन-तीन नावं द्यावीत आणि त्यात सिव्हिलचा मनोविकार विभाग असावा.